खिळ्यांचे टायर

मुलगा यार्मो गेल्यापासून नातवंडं ताइस्तो आणि इर्या या आजोबा-आजीकडेच होती, म्हणून त्यांनी मोठी गाडी घेतली. आता तिला हिवाळी टायर हवे होते.

"खिळ्यांचेच द्या," ताइस्तो दुकानदाराला म्हणाला. "तळ्याकाठचा रस्ता बर्फाने नुसती काच होतो, खिळे रुतले नाहीत तर गाडी घसरते."

"बिनखिळ्यांचे द्या. खिळे फार वाजतात," इर्या म्हणाली.

"वाजू देत की! गेल्या हिवाळ्यात जुन्या गाडीला खिळ्यांचेच होते. मी अंगणात वळलो, की तो आवाज ऐकून पोरं दाराकडे धावत सुटायची."

इर्याने नवऱ्याची बाही धरली. "ताइस्तो, यार्मोची गाडी अशीच वाजायची रे. त्यांना वाटायचं, बाबा आला."

ताइस्तो बराच वेळ टायरवरचे खिळे चाचपत राहिला.

"बिनखिळ्यांचे द्या," तो म्हणाला. "मी हळू चालवीन."