क्लचची केबल

लेकीच्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचा क्लच घसरत होता. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी मात्र जागची हलायला नाखूश. संध्याकाळी गिऱ्हाईक विकत घेतलेली गाडी न्यायला येणार, म्हणून बाप पाना घेऊन गाडीखाली शिरला. केबल नको इतकी ताणलेली होती. ती सैल करून पेडलला जरा मोकळी चाल द्यायची, पण ते एकट्याचं काम नव्हे. त्याने बायकोला हाक मारली. लेक वारल्यापासून दोघं एका घरात परक्यासारखी वावरत होती. जेवायला बसलं तरी आवाज फक्त भांड्यांचा. ती आली आणि लेकीच्या जागेवर, स्टिअरिंगमागे बसली.

"दाब," तो खालून म्हणाला.

"दाबलं."

"सोड."

"सोडलं. पण अजून पार वरच धरतोय."

त्याने नट थोडा फिरवला. पुन्हा दाब, पुन्हा सोड. पाचसहा खेपांनंतर ती म्हणाली, "आता बरोबर धरतोय हो."

त्याच्या हातालाही ते कळलं होतं. तरी तो म्हणाला, "बघू. अजून एकदा."

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. तो पाना ठेवून बाहेर सरकणार, इतक्यात ती फाटकाकडे बघून मोठ्याने म्हणाली, "आज नाही जमायचं हो! क्लच अजून लागला नाहीये."

गिऱ्हाईक गेल्यावर तिने गाडीच्या दारातून खाली वाकून हळूच विचारलं,

"हं. दाबू?"