याकोबाचं जेवण

लेकीचा, आन्याचा, बाप्तिस्मा झाला त्या वर्षी, लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या, एका शुक्रवारी, शैलजाने सासूच्या मुगाच्या कढणात कोंबडीचा रस्सा मिसळला. सकाळीच कोंबडी कुकरला लावली, रस्सा फडक्यातून गाळला, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी दिली. वास दबला.

नवरा गेला तेव्हापासून सुलभाबाईंनी मांस सोडलं होतं. नगरकडच्या म्हाताऱ्या पाळकांनी त्यांना सांगितलं होतं, की प्रभूचा भाऊ याकोब मांसाला शिवत नसे, असं जुन्या ख्रिस्ती मंडळीत बोललं जाई. रानात राहणारे तपस्वीही पाल्याभाकरीवर जगत आणि श्वापदं त्यांच्या पायाशी येऊन बसत. माणसाला रक्ताचा वास नसला की जनावर भीत नाही, एदेन बागेत होतं तसं. बाईंनी ते मनात धरलं. जिवात जीव आहे तोवर मांस खाणार नाही, असा प्रभूला शब्द दिला.

मुलगा अनुग्रह चिडवायचा. "आई, आपण नाताळाला बोकड कापणारी माणसं. तू बामणाघरची कधी झालीस?"

"याकोब काय सदाशिव पेठेत राहायचा?" बाई म्हणायच्या.

अमेरिकेत, रेडमंडला आल्यापासून रोज सकाळी त्या घरामागच्या लाकडी डेकवर सफरचंदाची फोड हातात धरून बसत. मागच्या झाडीतून हरणं येत, कुंपणाशी थबकत आणि उधळून जात. एकही कधी जवळ आलं नाही. "जुना वास अजून गेला नाही माझा," बाई म्हणत.

या हिवाळ्यात त्या फार खंगल्या. प्रोटीन वाढवा, नाहीतर धडगत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाई कढणाच्या पुढे जाईनात. गेला आठवडाभर तर त्यांना धरून उठवावं लागत होतं. "विचारत नको बसू, देऊन टाक," अनुग्रह म्हणाला. पण शब्द बाईंचा होता आणि तो मोडणारा हात शैलजाचा.

वाटी घेऊन ती त्यांच्या खोलीकडे निघाली आणि काचेच्या दाराशी थांबली. बाई बाहेर डेकवर बसल्या होत्या. आपल्या आपण उठून. एक हरिणी त्यांच्या मांडीवर मान टाकून उभी होती.

शैलजाने हळूच दार सरकवलं. हरिणीने मान उचलली नाही.

"आई, केवढी थंडी आहे." शैलजाच्या तोंडातून वाफ निघाली.

"मला नाही वाजत." बाईंनी वाटी घेतली, नाकाशी नेली आणि सुनेकडे पाहिलं. "शैला, कोंबडी आहे ना?"

शैलजाला खोटं बोलवेना. "हो आई. तुम्ही जगावं म्हणून."

"दे. आता चालतं मला."

बाईंनी घोट घोट करून वाटी रिकामी केली. मग बोटं पुढे धरली. हरिणीने ती शांतपणे चाटली.

शैलजा रिकामी वाटी घेऊन आत आली तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं. अनुग्रह बाईंच्या खोलीच्या दारात उभा होता.

"आईंनी रस्सा घेतला," ती म्हणाली. "माझ्यामुळे शब्द मोडला त्यांनी."

त्याने दार पूर्ण उघडलं. पलंगावर बाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलेलं होतं. शैलजाने हात लावला. अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. तिने वळून पाहिलं, तर डेकवर नुसती खुर्ची होती.

ॲम्ब्युलन्सच्या लोकांनी तपासून सांगितलं. सुलभाबाई गुरुवारी रात्रीच, झोपेत वारल्या होत्या. कोंबडी तेव्हा फ्रीजमध्ये होती.