रायाजीचं मरण

नवी प्रत भेट द्यायला आलेल्या नीळकंठरावांनी, स्वतः लिहिलेल्या तलवारबाजीच्या कादंबरीची ग्रंथालयातली जुनी प्रत उघडली. मागच्या कोऱ्या पानावर वाचकांचे अभिप्राय होते.

‘रायाजी बुरुजावरून कोसळला. दोन दिवस जेवण गेलं नाही.’

‘नायकाला मारायला छाती लागते!’

‘तो जगला असता, तर पुस्तक फेकलं असतं.’

नीळकंठराव हादरले. त्यांचा रायाजी तर खंदकातून पोहून निघतो, बोहल्यावर चढतो!

त्यांनी पानं उलटली. पुस्तक बुरुजापाशीच संपत होतं. शेवटची सोळा पानं बांधणाऱ्यानं शिवलीच नव्हती.

“चाळीस वर्षं अख्खं गाव रडतंय हो या शेवटावर,” त्यांना न ओळखणाऱ्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या. “तुम्हाला कसा वाटला, काका?”

पिशवीतली नवी प्रत त्यांनी आणखी आत ढकलली. पेन मागून सर्वांत खाली लिहिलं, ‘शेवट उत्तम.’