दोन शिंगांचा अडॅप्टर

"बाबा, चिप विचारली का दुकानात?" नवा वायफाय अडॅप्टर लॅपटॉपला लावून बराच वेळ झाला, तरी वायफाय दिसेना, तेव्हा रेवतीनं विचारलं.

शिवदासनं अडॅप्टर काढून पुन्हा लावला. लॅपटॉपचं स्वतःचं वायफाय मेलेलं, त्यात पोरीनं विंडोज काढून लिनक्स टाकलेलं. "आतली चिप लिनक्सवर चालते का, तेवढं विचारून आणा," असं तिनं बजावलं होतं. पण ह्या गड्यानं उभा जन्म लोकांच्या गच्चीवर अँटेना बसवलेल्या. त्यानं अँटेनाची सगळ्यात मोठी दोन शिंगं असलेला अडॅप्टर बघितला आणि तोच उचलून ऐटीत घरी आणला.

"शिंगं बघायला हा काय बैल आहे, बाबा?" ती रडकुंडीला आली. नोकरीची मुलाखत, तीही लॅपटॉपवर काम करून दाखवायची, दहा मिनिटांवर आलेली.

शेवटी तिनं मोबाईल केबलनं लॅपटॉपला जोडला. नेट आलं, पण रेंज फक्त खिडकीबाहेर. शिवदासनं मोबाईल घेतला आणि गजांतून हात बाहेर काढून उभा राहिला.

"हलू नका हं."

"मेलो तरी हलत नाही. तू बोल."

मुलाखत इंग्रजीत. त्याला ओ की ठो कळेना. खांद्याला रग लागली, बोटं बधिर झाली. तेवढ्यात पलीकडचा साहेब मोठ्यानं हसला. खूश होऊन हसला, की पोरीची चेष्टा केली? तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर लगेच कळलं असतं.

पण मान वळवली तर हात हलला असता. शिवदास रस्त्याकडेच बघत राहिला.