खोडलेली ओळ

पैठणीवाल्या शेठजींनी कॉम्प्युटरवर जांभळ्या ठिपक्याला टिचकी मारली आणि पडद्यावरची पैठणी क्षणात जांभळी झाली. कालपर्यंत त्यांच्या वेबसाइटवर रंग बदलायला चार सेकंद लागत होते. "वा, केतकीबाई!" शेठजी नव्या प्रोग्रामर मुलीला म्हणाले आणि सगळ्या ऑफिसनं टाळ्या वाजवल्या.

निरगुडकरांच्या पोटात दुखायला लागलं. तीन वर्षांपूर्वी ही वेबसाइट त्यांनी एकट्यानं उभी केली, तेव्हा कुणी साधा चहासुद्धा विचारला नव्हता. आणि ही कालची पोरगी! नक्की कुठून तरी तयार कोड उचलला असणार.

"काय केलंस ते मोठ्या पडद्यावर दाखव की," ते गोड आवाजात म्हणाले. "आम्हीही शिकू."

केतकी गडबडली. "नको सर, विशेष काही नाही. तुम्हाला नंतर दाखवते ना."

चोरी सापडल्याच्या आनंदात त्यांनी आवाज चढवला. "लपवण्यासारखं आहे का काही? आत्ता दाखव, सगळ्यांसमोर!"

तिनं नाइलाजानं वेबसाइटचा कोड उघडला. तिनं नवं काहीच लिहिलं नव्हतं. फक्त एक जुनी ओळ आडवी रेघ मारून खोडली होती. रंग बदलण्याआधी तीन सेकंद थांबायला सांगणारी. ती पाहताच निरगुडकरांच्या तोंडचं पाणी पळालं. ओळीशेजारी लिहिणाऱ्यानं स्वतःसाठी एक टीप ठेवली होती आणि तिच्यासमोर त्याचं नावही होतं.

शेठजींनी चष्मा चढवला आणि टीप मोठ्यानं वाचली, "शेठ कुरकुरला की ही ओळ काढायची. खूश होईल."

मग ते नाव वाचायला लागले.