पुढच्या वर्षीचं मॉडेल

"फोनचा आवाज यांच्या सरळ कानात येतो, मग टीव्हीचा का येत नाही?"

बायकोने काउंटरवर हात आपटला, तो मिस्त्रींनाही ऐकू आला. ते तिच्यामागे अंग चोरून उभे होते. तीस वर्षं लाकूड कापायच्या यंत्राशेजारी काढून त्यांचे कान गेले होते. कानातली नवी यंत्रं बिनतारी होती. फोन जोडला की लेकीचा आवाज थेट डोक्यात उमटायचा. टीव्हीशी मात्र त्यांचं सूत जुळत नव्हतं. हे पाचवं दुकान. कुठे "सोय येतेय, येतेय", कुठे "कंपनीला कळवतो".

मिस्त्रींचं टीव्हीवाचून काही अडलं नव्हतं. संध्याकाळी बायको शेजारी बसून मालिकेतली भांडणं हातवारे करून सांगायची. पडद्यावरच्या सासूपेक्षा तिने वठवलेली सासू जास्त खाष्ट असायची. त्यांना भीती वाटत होती ती तिच्या घाईची.

चार महिन्यांपूर्वी तिने दाराच्या घंटीला दिवा जोडून घेतला. मग बँकेत त्यांना एकट्यालाच आत पाठवलं. मग कुकर शिकवला. शिट्टी ऐकू येत नसेल तर घड्याळ बघा, म्हणाली. "अगं, तू आहेस ना?" असं त्यांनी विचारलं की ती भांडी घासायला घ्यायची, घासलेलीसुद्धा. मिस्त्रींना पुढे विचारायचा धीर काही व्हायचा नाही.

"आजी," दुकानदार ओरडून म्हणाला. बहिऱ्याच्या बायकोलाही लोक बहिरीच समजतात. "एवढी कसली घाई? पुढच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये नक्की येणार बघा!"

ती काउंटरवर वाकली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. मिस्त्रींच्या कानांत नुसती भुणभुण आली. पण समोरच्या भिंतीवर एक भलामोठा टीव्ही बंद होता आणि त्याच्या काळ्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. बावीस वर्षं ते तिचे ओठ वाचत आले होते.

"पुढच्या वर्षी मी नसेन रे बाबा. डॉक्टरांनी पाच-सहा महिने सांगितलेत. यांना अजून बोलले नाही."

मिस्त्रींनी शेजारच्या कपाटाची कड घट्ट धरली. मग पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती दचकून वळली. घाईघाईने हसली आणि नेहमीसारखे ओठ सुटे सुटे हलवत मोठ्याने म्हणाली, "काही नाही हो, याला जरा दम देत होते."

मिस्त्रींनी तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

"आता डॉक्टरांकडे जाशील," ते म्हणाले, "तेव्हा मला घेऊन जायचं."