चार अंश

"चेतनानी माय, तंबूवालाले नई सांगी दे!" भाईदासने अंगणातूनच ओरडून सांगितलं आणि मोटारसायकलला किक मारली. मागे सालदार सुकलाल डिझेलचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. "आज राते चार शे. चार! केळीले थंडीना चरका बसी."

फटफटी शेताकडे गेली. निर्मलाबाई ओट्यावर उभी राहिली.

तंबूवाला म्हणजे जैसलमेरच्या रिसॉर्टचा मॅनेजर. संध्याकाळी सातपर्यंत हो-नाही कळवा, नाहीतर खोली दुसऱ्याला जाईल, असं त्याने सकाळीच बजावलं होतं. तशी खोली पक्की होती, तंबू नव्हता. सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे घेऊन आलेल्या एका मारवाडी म्हाताऱ्यालाच निर्मलाबाईने विचारलं होतं, तुमच्याकडे जानेवारीत थंडी किती? म्हातारा घोडीच्या मानेवर हात फिरवत म्हणाला, "तंबू में मत सोना, बहन. फोटो में अच्छा लगता है." म्हणून तिने पक्की खोली धरली. दोन रजया, गरम पाणी, आणि पहाटे पाचला जीपने वाळवंटातलं अभयारण्य. माळढोक दिसला तर दिसला. नाही दिसला तर वाळू कुठे पळून जाते.

तिकिटं लेकीने, चेतनाने, सुरतेहून काढून पाठवली होती. जायला चार दिवस होते. दोघांचे स्वेटर अजून दोरीवर वाळत होते.

निर्मलाबाईने ते काढले, घड्या घातल्या. सासूच्या आजारपणात, लेकीच्या बाळंतपणात, कोणी ना कोणी बघणारं मिळालं होतं. केळीला तेवढं कोणी मिळत नव्हतं.

मॅनेजरला फोन लावायच्या आधी तिने, भाईदासने तिच्याच फोनवर पाहिलेलं, हवामान उघडलं. नाही म्हणायचंच तर आपल्या डोळ्यांनी बघून म्हणावं. चारचा आकडा अंगठ्याएवढा होता. त्याच्या डोक्यावर गावाचं नाव, मुंगीएवढं. तिने चष्मा लावला.

जैसलमेर.

चेतनानेच ते वर आणून ठेवलं होतं, आईला रोज बघता यावं म्हणून. निर्मलाबाईने बोटाने सरकवलं. मागे आपलं गाव होतं. तेरा.

तिला हसूसुद्धा आलं नाही. चपला घातल्या आणि शेताची वाट धरली. वाटेत फोन वाजलाच. "मैडम, सात बजने वाले हैं."

"दस मिनिट रुको भाई. पूछ के बताती."

केळीच्या बांधाला ओळीने शेकोट्या पेटल्या होत्या. होळीपर्यंत बंबाला पुरल्या असत्या अशा कापसाच्या पऱ्हाट्या अर्ध्या संपल्या होत्या. भाईदास धुरात उकिडवा बसून फुंकत होता. आठवडाभर लाईट रात्रीची. पाणी भरून भरून डोळे आधीच लाल होते, धुराने आता कुंकवासारखे झाले होते.

"काय म्हने तो?" त्याने मान वर न करता विचारलं.

"आजून नई सांगं त्याले."

"पुढला साल जाऊत, बरं. नक्की."

"तुमना चष्मा कोठे शे?"

"घर. का बरं?"

"हाई थंडी आठली नई. जैसलमेरनी शे. आठे तेरा शे."

सुकलालने हातातली पऱ्हाटी खाली ठेवली आणि केळीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"सुकलाल, हासू नको."

"मी कोठे हासी ऱ्हायनू, दादा. धूर लागना."

भाईदासने फोन घेतला. लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब नेला. शेकोटी आपली तडतडत होती.

"चार अंशात तठे केळी कशी जगस?"

"तठे केळी नई."

"एक बी खोड नई?"

"नई. वाळू शे."

"म्हंजे राते चार व्हवो का दोन... आपले उठनं नई?"

"नई."

त्याने फोन तिच्या हातात दिला आणि बांधावर नीट मांडी घालून बसला. नको असलेल्या शेकोटीपुढे हात धरले. फोन पुन्हा वाजला.

"उचल," तो म्हणाला. "आन इचार त्याले, सकायले कितला वाजालोंग झोपू देतस."

निर्मलाबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग फोन कानाला लावला.

"हां भाई, आ रहे. कमरे में दो लोग," ती म्हणाली. "जीप में एक."